दरबाराची वेळ

दरबार मोडून बारा वर्षे झाली होती. राजवाड्यात राण्या उरल्या होत्या आणि हुकूम कलेक्टराच्या कचेरीतून निघत. तरी तिसऱ्या प्रहरी, जुन्या दरबाराच्या वेळेला, वडील पगडी बांधून घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, राजवाड्याकडे तोंड करून घटकाभर बसत. ते एके काळी दरबारच्या फडावर, म्हणजे दफ्तरात, मोडी लेखक होते. तंजावरच्या आमच्या आळीत असे बसणारे आणखीही होते. त्यात कोणाला वेड दिसत नव्हते. हे आधी सांगितले नाही तर पुढचे समजणार नाही.

माझा थोरला भाऊ कचेरीत जुन्या मोडी कागदांच्या नकला करी. दरबार मोडला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आता, बारा वर्षांनी, आषाढात त्याने पहिल्यांदा पगडी बांधली आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसला. वडिलांनी सरकून त्याला जागा दिली. एवढी माया त्यांनी आम्हांला एरवी कधी दाखवली नव्हती.

समोरच्या घरातले म्हातारे रोज हाक मारीत, "काय हो, आज दरबारात काय विशेष?" वडील हसत. भाऊ हसत नसे. तो मान किंचित तिरकी करून ऐके आणि मग हळूच म्हणे, "जी."

श्रावणात त्याची झोप गेली. भाद्रपदात तो वहिनीला पाणी आधी स्वतः पिऊन दाखवायला सांगू लागला. एके दिवशी जेवणे झाल्यावर ती दाराआडून वडिलांना म्हणाली, "मामंजी, ह्यांना तिरुवैयारूच्या वैद्यांकडे न्यायला हवं. ओरत्तनाडूला माझ्या माहेरी, चुलतबहिणीचं असंच सुरू झालं होतं. त्यांच्या औषधाने ती बरी झाली. आता पोरंबाळं सांभाळते."

"असंच म्हणजे कसं?"

"झोप नाही. अन्नावर विश्वास नाही. कोणी नसताना उत्तर देतात."

"पगडी बांधतो म्हणून वैद्य? मग मलाही घाला गाडीत." वडील उठले. "घरात एकाला तरी खाल्ल्या मिठाची आठवण आहे. आणि वैद्याच्या दारात गाडी उभी राहिली की उद्या सगळी आळी विचारील. तू काय सांगणार आहेस?"

वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी हात धुवायला गेलो.

त्यानंतर तिने तीनदा विषय काढला. तिसऱ्यांदा वडिलांनी तिला माहेरी पाठवण्याची भाषा केली. तिने विषय सोडला, पण भावाच्या खोलीच्या दाराची कडी बाहेरून नीट लागते की नाही हे रोज पाहू लागली. भावाचा आवाज घरात मोठा होत गेला. आमचे लहान झाले.

माघात एका तिसऱ्या प्रहरी वडील तिण्णैवर बसले होते. भाऊ आतून आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"उठा. हुकूम आहे. तुमची जागा काढून घेतली."

वडिलांना प्रथम ती थट्टा वाटली. "कोणाचा हुकूम, बाबा?"

भावाने त्यांच्या डोक्यावरची पगडी काढली आणि रस्त्यावर फेकली. ती उलगडत समोरच्या दारापर्यंत गेली. समोरचे म्हातारे उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

दिवस मावळण्यापूर्वी बैलगाडी दारात होती. सहा महिने मुलगा झोपला नव्हता, त्यासाठी गाडी आली नाही. पगडी रस्त्यात पडली, तेव्हा आली.

तिरुवैयारूला वैद्यांनी दिवा जवळ घेऊन भावाचे डोळे, जीभ, नखे पाहिली आणि तमिळमध्ये विचारले, "केव्हापासून?"

"आजपासून," वडील म्हणाले.

"आषाढापासून," वहिनी मागून म्हणाली. सासऱ्यांचे बोलणे तिने प्रथमच खोडले.

"त्याआधी काही?"

मग मी सांगितले. ज्येष्ठात भाऊ मला देवळाच्या तळ्यावर दिसला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो कोरा कागद पाण्याला वाचून दाखवीत होता. शेवटी त्याने पाण्याला मुजरा केला. मी घरी आलो आणि बोललो नाही. वडिलांना सांगायचे धैर्य नव्हते. खरे म्हणजे, ते थोरल्याचे वेड म्हणतील की माझा मत्सर, हे मला ठरवता आले नव्हते.

वैद्य म्हणाले, "तेव्हा तेल आणि काढा देऊन पाहता आलं असतं. आता इथे ठेवा. वचन देत नाही."

परतताना गाडीत वडील पुढे बसले होते, उघड्या डोक्याने. वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भावजी, ज्येष्ठात मला सांगितलं असतंत, तर मी ह्यांना पायी घेऊन गेले असते."

भाऊ चैत्रात घरी आला. ओरडणे थांबले होते, पण कचेरीचे काम त्याच्याने पुन्हा झाले नाही. वडिलांनी पगडी परत बांधली नाही. दरबाराच्या वेळेला तिण्णैवर भाऊ एकटाच बसे, मान तिरकी करून. असा तो अकरा वर्षे बसला.

त्या अकरा वर्षांत वहिनीने मला दोन्ही वेळा वाढले. भावजी म्हणून हाक मारली नाही.