वाटे पाडणाऱ्यानं मागून उचलायचं

नवऱ्यानं वीस लाख देऊ केलेत, हे माझ्या वकीलबाईंनी सदर भागातल्या त्यांच्या ऑफिसात सांगितलं, तेव्हा सोबत आलेले बाबा खुर्चीत एकदम ताठ झाले. त्याच्या नावावरचा एक प्लॉट विकून वीस लाख रोख मिळणार होते. बदल्यात मी घटस्फोटाच्या कागदावर सही करायची आणि पुढं काही मागायचं नाही, माझ्यासाठी नाही आणि आमच्या मुलीसाठीही नाही. मुलगी माझ्याकडेच राहणार होती.

"घेऊन टाक वं पोरी," जिना उतरताना बाबा म्हणाले. "हातचं सोडून पळत्याच्या मांगं नोको लागू."

मला बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मलाही ठरवता येत नव्हतं. वीस लाख म्हणजे पुष्कळ की थोडे? आमच्या घरात एवढे पैसे कुणी एका जागी पाहिले नव्हते, म्हणून सगळ्यांना ते पुष्कळ वाटत. वकीलबाई म्हणत, मुलीचा हक्क तुम्ही सोडला म्हणून सुटत नाही, पण त्यासाठी पुन्हा भांडावं लागेल. आणि मी रोज नवा हिशेब करून रोज नवं उत्तर काढत होते.

सासरचं महाल भागात भांड्यांचं दुकान, वर राहतं घर, दोन्ही आता नवऱ्याच्या नावावर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी दुकानात बसायला लागले. आहेराच्या भांड्यांवर नाव टाकायचं मशीन माझ्या हाती आलं आणि माझ्याच हाती राहिलं. लग्नसराईत गिऱ्हाईक माझ्यासाठी थांबायचं, "वहिनींच्याच हातचं अक्षर पाहिजे" म्हणायचं. अर्ध्या महालात माझ्या अक्षरातली पातेली आहेत, हे मी आजही मिरवते. पगाराचं विचाराल, तर घरच्या सुनेला पगार कोण देतो!

उत्तर सापडलं ते भाजी चिरताना. लहानपणी बाबा आणि काकांची शेती वेगळी झाली, ते डोळ्यासमोर आलं. आमच्याकडे रीत अशी, की मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. बाबांनी बांधाचे दगड किती वेळा हलवले असतील! विहिरीकडचा तुकडा जरा जास्त झाला की दगड इकडे, रस्त्याकडचा झाला की तिकडे. काका कुठला उचलतील ते ठाऊक नसल्यानं बाबांना दोन्ही वाटे आपलेच समजून पाडावे लागले. माझ्या नवऱ्यानं वाटे पाडले होते, आणि आपला आधीच उचलून ठेवला होता.

फॅमिली कोर्टात समुपदेशक बाईंसमोर आम्ही बसलो. त्यांनी विचारलं, "मंजूर आहे का?"

"वाटे मंजूर आहेत," मी म्हटलं. "फक्त अदलाबदल करू. वीस लाख यांनी घ्यावेत. दुकान आणि वरचं घर मला द्यावं. मुलीचा सगळा खर्च मी करीन, यांच्याकडे एक रुपया मागणार नाही."

नवरा आधी हसला. मग त्याला दिसलं की मी हसत नाहीये.

"काहून मस्करी करून राहिली वं? वीस लाखात माह्यं काय होईन?"

"मग माझं आणि पोरीचं काय होणार होतं?"

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच आमच्या प्रकरणाचं सार होतं, आणि ते त्याच्याच तोंडून बाहेर पडलं. मला इतका आनंद झाला की तो लपवायची तसदी मी घेतली नाही.

पुढच्या तारखेला त्यानं नवे वाटे आणले. नंदनवनमधला दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या नावावर, वर काही रक्कम, आणि मुलीचं शिक्षण संपेपर्यंत दर महिन्याचा खर्च, तोही दरवर्षी वाढणारा. वकीलबाईंनी मान डोलावली. मी मात्र पुन्हा तेच विचारलं, "आता अदलाबदल केली तर?"

त्यानं दोन्ही वाटे बोटांवर मोजून पाहिले. शेवटी म्हणाला, "सांगता नाही येत."

"बाई, कागद द्या," मी म्हटलं आणि सही केली.

बाहेर बाबा चहाच्या टपरीवर उभे होते. सगळं ऐकून त्यांनी टपरीवाल्याला, न विचारता, सांगून टाकलं, "पोरगी हाय माही." मग मला हळूच म्हणाले, "मले काहून नाही सुचलं वं हे? वाटे तं मीच पाडले होते."

तेवढ्यात नवरा गाडी काढायला तिकडूनच गेला. दोन पावलं पुढं जाऊन परत आला. बाबांसमोर त्याला बोलायला अवघड जात होतं, तरी विचारलंच.

"पयल्या वेळी मी हो म्हटलं असतं तं?"

"तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर मी उघडलं असतं."

त्याला ते खरं वाटलं. बारा वर्षं ते शटर कोण उघडत होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं!