पहिल्या पानावरचा खुलासा

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळल्या आहेत. बेकरीच्या आगीची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. ऐंशीच्या दशकात मी मिनेसोटातल्या एका लहान गावात डिटेक्टिव्ह होतो, ठाण्यातला एकटाच मराठी माणूस. गावात एकच मोठा कारखाना, आणि गावचं साप्ताहिकही त्याच कारखानदाराचं.

एका ज्यू म्हाताऱ्याची बेकरी कुणीतरी पेटवली. विझवताना त्याचे दोन्ही हात भाजले. मग एका बाईचा ठाण्यात फोन आला, नवऱ्याच्या कोटाला पेट्रोलचा वास येतोय म्हणून. नवरा कारखान्यातून काढलेला कामगार होता. त्याला आणलं, तर त्यानं आढेवेढे न घेता कबुली दिली. कबुली देणारा सहसा खाली बघतो. हा माझ्या डोळ्यांत बघत होता. ज्यूंनी संगनमतानं गावाचा रोजगार बुडवला, असं तो घडीव वाक्यांत सांगत राहिला. ही भाषा त्याची नव्हे, हे मला लगेच कळलं. साप्ताहिकाचे जुने अंक मागवले. एका निनावी सदरात तीच वाक्यं होती.

सदर लिहिणारा पत्रकार मोठा सभ्य गृहस्थ. त्यानं मला कॉफी दिली. कामगारांचा राग मालकावर जाऊ नये म्हणून दुसरं कुणीतरी दोषी दाखवायचं होतं, म्हणाला.

“त्यातलं अक्षरही खरं नाही. मी स्वतः कधी मानलं नाही.”

माझं डोकं फिरलं. पण असं लिहिणं तिथं गुन्हा नव्हता, आणि मी त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नव्हतो.

म्हाताऱ्याची बायको गाव सोडू म्हणत होती. तो तयार नव्हता. “हे खोटं आहे, एवढं त्यांनी त्याच पेपरात छापावं,” तो मला म्हणाला. “मग मी इथंच राहीन.”

गुन्हा नसला तरी म्हातारा भरपाईचा दावा लावू शकत होता; त्या कोर्टाच्या धाकानं साप्ताहिकाचा मालक कबूल झाला. पहिल्या पानावर, पत्रकाराच्या नावानिशी खुलासा आला. मी तो अंक घेऊन तुरुंगात गेलो. आरोपीनं तो शांतपणे वाचला आणि घडी करून मला परत दिला.

“म्हणजे ज्यूंनी या पत्रकारालाही विकत घेतलं.”

गावातही हेच बोललं गेलं, बेकरीच्या गिऱ्हाइकांतसुद्धा. म्हाताऱ्यानं दुकान विकलं.

आग लावणारा मी पकडला, लिहिणाऱ्याकडून खोटेपणा वदवून घेतला. पोलिसाला याहून जास्त काय करता येतं, मला आजही कळत नाही. त्या गावात पुन्हा कुणी बेकरी काढली नाही.