शिरेतून, गोळीने की नुसती सुई

मी वाशीत दवाखाना उघडला तेव्हा वाशी निम्मी नकाशात होती आणि निम्मी चिखलात. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाहेर एक बाक, आत चेंबूरच्या एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतलेली जुनी खुर्ची आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. खुर्ची वर उचलताना कण्हायची. पेशंट आधी त्या आवाजाला घाबरायचे आणि मग मला.

सगळेच घाबरायचे असं नाही. जवळच्या कोळीवाड्यातल्या आणि मिठागरांकडच्या बायका मासळीची पाटी दाराशी उतरवून सरळ खुर्चीत बसायच्या. "उपट गो बाय, मना बाजारान जावाचा हाय," एवढंच बोलणं. सुन्न करायची सुई देते म्हटलं तर ती कशाला, असं विचारायच्या. घाबरायचे ते नव्या इमारतींतले लोक. त्यांतही ऑफिसला जाणारे पुरुष जास्त.

माझ्या पहिल्या वर्षातला सगळ्यांत घाबरलेला पेशंट एका सरकारी कचेरीतला हेडक्लार्क होता. वय पन्नाशीचं, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. गाल सुजून डोळ्याला लागला होता. बरोबर बायको होती. काका बाकावर बसून राहिले आणि काकूच आत येऊन म्हणाल्या, "ह्यांची दाढ आहे. हे आत येणार नाहीत. तुम्हाला बाहेर येऊन बघता येईल का?"

मी टॉर्च घेऊन बाहेर गेले. काकांनी तोंड उघडलं, पण माझ्या दुसऱ्या हातात काय आहे ते आधी तपासून. खालची उजवीकडची दाढ मुळापर्यंत किडली होती. मी सूज उतरायला गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्याने दाढ काढावी लागेल असं सांगितलं.

"सुई द्यावी लागेल?" काकांनी विचारलं.

"लागेल. पण भीती फार असेल तर आधी भीतीसाठी वेगळं औषध देता येतं. त्यात चार-पाच प्रकार आहेत."

काका पहिल्यांदाच जरा सावरून बसले. "प्रकार लेखी मिळतील का?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग मी लेटरहेडवर नीट अक्षरात लिहून दिलं. एक, नुसती सुई, फक्त दाढेभोवतीचा भाग सुन्न. दोन, तासभर आधी पोटात डायझेपामची गोळी आणि मग सुई. तीन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून हाताच्या शिरेतून गुंगीचं औषध आणि मग सुई. पेशंट जागा असतो, पण फिकीर उरत नाही. चार, नाकावाटे हुंगायचा गॅस. तो फक्त मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात. पाच, पूर्ण भूल, तीही रुग्णालयातच. यांतलं बरंचसं मला कॉलेजमधल्या दोन लेक्चरांतून माहीत होतं. त्यांतल्या एकाला मी गैरहजर होते. ते मी कागदावर लिहिलं नाही.

आठवड्याने सूज उतरली आणि कागद परत आला. समासात शेरे मारलेले होते. हिरवी शाई साहेब लोकांची, ती वापरायचा अधिकार आपल्याला नाही म्हणून निळ्याने लिहिलंय, असं काकांनी सांगितलं. पहिल्या पर्यायासमोर होतं, "मूळ तक्रार सुईचीच असल्याने विचारात घेता येत नाही." दुसऱ्यासमोर, "परिणाम किती वाजता सुरू होतो व किती वाजता संपतो, खुलासा व्हावा." चौथ्यासमोर, "खाडी ओलांडावी लागते." पाचव्यासमोर, "जागे होण्याची हमी कोणाची?" तिसऱ्यासमोर एकच प्रश्न होता आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. "या अवस्थेत रुग्ण बोलतो काय?"

"बोलतो कधीकधी," मी म्हटलं.

"स्वतःच्या मनाने?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे विचारल्याशिवाय."

मी म्हटलं, सांगता येत नाही. काकांनी कागदाची घडी घातली आणि दुसरा पर्याय मंजूर असल्याचं सांगितलं.

गोळी आम्ही शनिवार सकाळची ठरवली. नऊ वाजता घरी घ्यायची, दहाला दवाखान्यात यायचं, बरोबर कुणीतरी असायलाच हवं. काका बरोबर दहाला आले. काकू सोबत होत्या. काकांच्या हातात छोटी वही होती. नऊ दहा, काही नाही. नऊ वीस, काही नाही. नऊ पस्तीस, डाव्या पायाला मुंग्या, पण त्या पाय दुमडल्यामुळे असाव्यात. गोळी कामाला लागते की नाही यावर ते तासभर इतकं बारीक लक्ष ठेवून होते की गोळीला काही करायला वावच मिळाला नसावा.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, बोलत बोलत सुई भरली आणि तोंडात हात घातला. काकांनी तोंड मिटलं.

माझी उजवी तर्जनी आत होती.

"सोडा," मी म्हटलं. ते डोळे मिटून बसले होते. काकू पार्टिशनच्या कडेला येऊन म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांचं बोट आहे ते." तेव्हा सुटलं. त्यांनी बोटाकडे बघितलं, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे." मी बोट नळाखाली धरलं. मलाही दिलगीर व्हायला पाहिजे, असं मला वाटलं. माणूस कशाला घाबरतोय ते मी विचारलंच नव्हतं. मी फक्त यादी दिली होती.

म्हणून मी आता विचारलं. त्यांनी खिशातली पेनं सारखी केली. मग म्हणाले, "लहानपणी गावी एका माणसाने मला खाटेला बांधून दात काढला होता. पण ते आता जाऊ दे. तुमचा तो तिसरा प्रकार करा. फक्त तेव्हा आत तुम्ही आणि ते भूलवाले डॉक्टर, तिसरं कुणी नको."

काकू बाहेर बाकावर बसून पिशवीतली मेथी निवडत होत्या.

भूल देणारे डॉक्टर गुरुवारी ठाण्याहून स्कूटरवर येत. वाशीतल्या एका प्रसूतिगृहाचं काम उरकून ते माझ्याकडे आले तेव्हा काका आत खुर्चीत होते आणि काकू बाहेर बाकावर. बॅगेत औषधं, हवा द्यायचा फुगा, ऑक्सिजनचा लहान सिलिंडर. त्यांनी काकांची छाती तपासली, सकाळपासून पोट रिकामं आहे ना विचारलं आणि म्हणाले, "टेन्शन नाय घ्यायचं काका. शंभरपासून उलटे आकडे मोजा."

"मराठीत की इंग्रजीत?"

"तुमची मर्जी."

काकांनी मान भिंतीकडे वळवली आणि डावा हात असा पुढे केला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. औषध हळूहळू आत गेलं. शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. शहाण्णवला खांदे खाली आले. मला तोवर कळलंच नव्हतं की ते इतके दिवस कानापर्यंत चढलेले होते. मी सुई दिली. त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. दाढ सुन्न व्हायची वाट बघत मी उभी राहिले आणि काका बोलायला लागले.

"अर्ज मीच केला," ते म्हणाले.

भूलवाल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"इकडच्या जागेचा. हिला सांगितलं, सरकारी हुकूम आहे, नाही म्हणता येत नाही. हुकूम कसला? नोटीस लागली होती, ज्यांना पाहिजे त्यांनी अर्ज करा. सगळ्या सेक्शनमधून मी एकट्याने केला." त्यांनी डोळे उघडून छताकडे बघितलं. "हिची बहीण गिरगावात शेजारच्याच खोलीत. दिवसभर दोघींचं बोलणं. मी तोडलं ते. मला संडास घरात पाहिजे होता. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, तेही आमच्या साहेबांच्या मेव्हण्यामागे. तेवीस वर्षं. दुसरं काही नको होतं मला."

मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना रडताही येत नव्हतं नीट, खालचा ओठ सुन्न होता.

"तोंड उघडा काका," मी म्हटलं, आणि त्यांनी ते मोठ्ठं उघडलं. दाढ दोन तुकड्यांत निघाली. मी दोन टाके घातले. पार्टिशन प्लायवूडचं होतं आणि ते छतापर्यंत जात नव्हतं, हे मला टाके घालताना आठवलं.

तासाभराने काका पूर्ण भानावर आले, चहा मागितला, तो अजून मिळणार नाही असं कळल्यावर त्यांनी मान डोलावली. काकू रिक्षा बघायला गेल्या तेव्हा त्यांनी कापसातून विचारलं, "मी काही बोललो?"

"आकडे मोजलेत. शहाण्णवपर्यंत."

ते खोटं नव्हतं. भूलवाले डॉक्टर बॅग बंद करत होते, ते म्हणाले, "एकदम सायलेंट पेशंट." ते मात्र खोटं होतं. काकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

टाके काढून झाल्यावर दोन दिवसांनी काकू एकट्याच आल्या. हिरडी दुखतेय म्हणाल्या. मी बघितलं, हिरडीला काही झालं नव्हतं. मी तसं सांगितल्यावर त्या खुर्चीतच बसून राहिल्या.

"हे त्या दिवशी बोलले ते मी ऐकलं," त्या म्हणाल्या.

मी टॉर्च बंद करून पार्टिशनकडे बघितलं.

"तुम्ही घाबरू नका. मला आधीपासून माहीत आहे. जागा मिळाल्याचं पत्र घरी आलं तेव्हा हे आंघोळीला बसले होते. वरच लिहिलं होतं, आपल्या अर्जास अनुसरून. मी सातवी शिकलेय, मला वाचता येतं. आणि सरकार काय आपणहून कुणाच्या घरात संडास बांधून देतं होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आधी राग आला म्हणून बोलले नाही. सहा महिने मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. इथे आल्यावर वाणी नाही, भाजी नाही, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. मग राग गेला आणि नाही बोलले." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "हे दर रविवारी मला बहिणीकडे नेतात. दोन बस बदलून, न कुरकुरता. जाताना फुलं घेऊन देतात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, गिरगावात असताना एकदासुद्धा फुलं आणली नव्हती. मी कळल्याचं सांगितलं तर हे मोकळे होतील. मोकळा झालेला माणूस रविवारी झोपतो."

मला हसू आलं. त्याही हसल्या.

"पण रडले ते मला आवडलं नाही," त्या म्हणाल्या. "इतकं धरून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं. सांगू का त्यांना? तुमचं काय मत?"

मी सत्तावीस वर्षांची होते आणि लग्न झालेलं नव्हतं. मला दातांतलं कळतं, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तेही खरंच. मग पदराने खुर्चीचा हात पुसून उठल्या. त्यांनी सांगितलं की नाही, ते मला कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात काका डावीकडची दाढ घेऊन आले, एकटे. मी आपली वही काढली आणि गुरुवारी भूलवाल्या डॉक्टरांना बोलावू का विचारलं.

"नको. नुसती सुई."

"भीती गेली?"

"भीती आहे तशीच आहे," ते म्हणाले. "पण मागच्या खेपेला माझी शुद्ध नव्हती. तुम्ही सांगता काही बोललो नाही, घरीही काही झालं नाही, तेव्हा नसेन बोललो. दरवेळी नशीब साथ देईलच असं नाही."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. मी सुई दाखवली नाही, पण कधी टोचणार ते सांगितलं. घामाने त्यांची कॉलर भिजली. पाय ताठ झाले. तोंड मात्र एकदाही मिटलं नाही. दाढ निघाल्यावर मी कापूस ठेवला आणि चावून धरा म्हटलं. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी घड्याळावर बोट ठेवून विचारलं, किती वेळ. अर्धा तास, मी सांगितलं. ते बाहेर बाकावर जाऊन बसले आणि बरोबर अर्ध्या तासाने उठले.