ताजीच्या बरगड्या

एकाच दिवशी, एकाच पठाणाकडून मी दोन जनावरं घेतली. घोडी घेताना त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कुत्रा घेताना ठेवला नाही. उलट केलं असतं तर ही हकिगत लिहायची पाळी आली नसती.

दिवस कापसाचे होते. दर्यापलीकडे कुठे तरी गोरे आपसात लढत होते, तिकडचा कापूस अडल्याने इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि अमरावतीत आम्ही कापसाचे दलाल आपोआप हुशार ठरत होतो. ज्यांच्या घरी काल धड तांब्या नव्हता, त्यांच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या होत्या. मलाही काही तरी मिरवायला हवंच होतं. घोडे विकायला आलेल्या त्या पठाणाजवळ मी हा कुत्रा पाहिला. उंच, दुधाळ रंगाचा, कानांवरून रेशमासारखे केस लोंबणारा, कंबर तर नुसती नावाला. सशामागे धावणाऱ्या या शिकारी जातीला तो 'ताजी' म्हणायचा. असा कुत्रा साऱ्या वऱ्हाडात दुसरा नव्हता, आणि मला तेवढं पुरे होतं.

साखळी हातात देताना तो म्हणाला, "सेठ, एक बात याद रखना. पीछे की तीन पसलियाँ हमेशा दिखनी चाहिए. जिस दिन छुप गईं, समझो इसका दौड़ना गया."

आता माझा धंदा असा, की शेतकरी "कोरडा हाय जी" म्हणाला की मी गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचो, आणि हात ओला निघायचा. विकणारा न विचारता जे सांगतो, तिथेच खोट असते, हे माझं शास्त्र. मी मनात म्हटलं, लबाडा, काबूलपासून मुक्या जनावराला उपाशी चालवत आणलंस आणि आता मला हाडांचं कौतुक सांगतोस होय! घोडी "पाँच साल की" आहे असं तो म्हणाला, त्यावर मात्र मी मान डोलावली. तिचे दात कानशीने घासून तिला तरुण केलेलं होतं, हे पुढे नालबंदाने दाखवलं.

घरी बायकोने ताजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय आनलं तुमी? येच्या हाडावर धुनं वाळू घालता येईन."

तिचं एक वेळ चाललं असतं. पण शेजारची म्हातारी ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकवायची, "घरावर कवलं चढली, पन दारच्या कुत्र्याले भाकर घालत नाई!" हे मला झोंबलं. मी तूप-गुळाची पोळी सुरू केली. म्हशीचं दूध सुरू केलं. बैलांना देतात तशी सरकीही उकडून घातली. तो तोंड फिरवायचा. मी समोर बसून एकेक घास हाताने भरवायचो. हाडकुळ्या कोपरांना फरशी टोचते म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस अंथरला. त्या भावाच्या कापसावर कुत्रा निजवणारा वऱ्हाडात मी एकटाच असेन. तो आपलं लांब तोंड माझ्या पावलावर ठेवून झोपायचा. वेचणी संपेपर्यंत बरगड्या दिसेनाशा झाल्या. मी रोज बोटांनी चाचपायचो आणि सापडल्या नाहीत की खूश व्हायचो.

संक्रांतीला त्याला बैलांच्या रेंगीत घालून अकोल्याजवळ सासुरवाडीला नेलं. साळा दारातच उभा होता. त्याने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जवाई, हे कुत्रं हाय का गाभन म्हैस?"

"धावला म्हंजे समजीन तुले!" मी म्हणालो. अमरावतीत तो कधी धावलाच नव्हता. मी त्याला साखळीने बाजारातून फिरवायचो.

शेतं मोकळी झाली होती, कापसाच्या पऱ्हाट्यांचे खुंट तेवढे उभे होते. बांधावरून ससा उठला आणि मी साखळी सोडली. क्षणभर, खरंच क्षणभरच, पठाणाने काय विकलं होतं ते मला दिसलं. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटले होते. मग शेताच्या मध्यावर तो मंदावला, उभा राहिला आणि पुढच्या पायांवर कोसळला. जीभ जांभळी पडली होती. साळा हसत होता, तो हसायचा थांबला. "अबे, पानी आना रे!" म्हणून ओरडला. मी ताजीला उचलायला गेलो. एवढ्या हौसेने जड केलेलं ते जनावर मला उचलवेना.

जगला तो. पण ओट्याच्या पायऱ्या चढला तरी धाप लागायची. बायको म्हणायची, "आता भरवा पोळी." मी पोळी बंद केली होती, पण आता त्याचा काय उपयोग?

पुढच्या हंगामात पठाण आला. ताजीच्या कुशीवरून त्याने सावकाश बोटं फिरवली.

"मैंने कहा था."

"कहा था," मी म्हणालो. "हमको लगा, माल खपाने के लिए कहता है."

"झूठ घोड़ी का बोला था, सेठ. कुत्ते का काहे को बोलता?"

घोडीवरून भांडायचं मी किती दिवस ठरवून ठेवलं होतं. पण "घेऊन जा याला," एवढंच म्हणालो. त्याने मान हलवली. काबूलपर्यंत हा आता चालणार नव्हता. पठाण निघाला तसा ताजी त्याच्यामागे गेला, गल्लीच्या वळणापर्यंत. तिथून धापा टाकत परत आला.

मग ती दर्यापलीकडची लढाई संपली आणि आमची हुशारीही. शेंब्या गेल्या, म्हैस गेली. माणसं आणि कुत्रा, सगळेच ताकात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीवर आले. ताजीच्या बरगड्या पुन्हा दिसू लागल्या. मागच्या तीन, अगदी आणला त्या दिवशी होत्या तशा. म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "म्या तवाच म्हटलं होतं, उपाशी मारते म्हनून."

एका सकाळी गावाबाहेरच्या पडीक रानात आमच्या पुढ्यातून ससा उठला. ताजीचे कान उभे राहिले, पाठ ताणली गेली. मी साखळी सोडली आणि श्वास रोखून उभा राहिलो. ससा काटेरी कुंपणात शिरेपर्यंत त्याने पाहिलं. मग हळूच खाली बसला, माझ्या पावलावर तोंड ठेवलं आणि धापा टाकू लागला. जागचा हलला नव्हता, तरी.