पट्टी लावून घातलेले टाके

शेजारच्या सुमनमावशींनी आज गच्चीवर नवी गोधडी वाळत घातली आहे. टाके इतके सरळ, की मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मागच्या वर्षी मी कॉम्प्युटरला गोधडी शिकवत होते. प्रोग्रॅम दर वेळी नवी नक्षी रचायचा आणि पेन धरणारं माझं छोटं यंत्र ती कापडावर काढायचं. पण रेघा अगदीच निर्जीव यायच्या. म्हणून मी मावशींची गोधडी मागून आणली आणि एकेक टाका मोजला. टाके किंचित हलत, तिरके जात. ते हलणं मी आकड्यांत पकडून प्रोग्रॅममध्ये घातलं आणि कापडात जीव आला.

त्या कापडांच्या प्रदर्शनात लोक त्या रेघांपुढेच थांबत होते. मावशी सुनेबरोबर आल्या, तेव्हा मी कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, "ही थरथर मावशींच्या हाताची आहे."

सून दचकली. "आई, तुमचा हात थरथरतो? कधीपासून?"

मावशींनी हात पदराखाली घेतला. मला एवढंच म्हणाल्या, "तुला गोधडी दिली होती गं मी बघायला."

हाताने केलेल्या वस्तूतली चूक किती गोड, असं आम्ही खुशाल म्हणतो. ती चूक कुणीतरी घरच्यांपासून जपून लपवलेली असेल, हे मोजताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

आत्ता वाऱ्याने गोधडी माझ्या कठड्यापर्यंत उडाली. प्रत्येक धाग्याखाली पट्टीने आखलेली पेन्सिलीची रेघ आहे.