कुठून आले?

लोणारच्या सरोवराच्या काठावर तो लिंबूसरबत विकतो. पर्यटक गाडीतून उतरला की हा आधी विचारणार, "कुठून आले, भाऊ?" उत्तर मिळालं की ओल्या फडक्यानं पुसलेलाच पेला पुन्हा पुसणार. संध्याकाळी फिरून थकलो की मी त्याच्या गाड्यापाशी टेकतो. नाव मात्र अजून माहीत नाही.

परवा म्हणाला, "सर, दोन दिवसांत हैदराबाद पाहून होते का? बायको लय मागं लागली."

मी बेत आखून दिला. जालन्याहून रेल्वे, पहिल्या दिवशी चारमिनार, दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. त्यानं अर्धवटच ऐकलं.

"पाहाचं तिले हाय. मले काही पाहाचं नाही. इथं दिवसभर लोकायले इचारू इचारू तोंड दुखते, कुठून आले म्हणून. तू कुठला, असं एकानंही मले इचारलं नाही." मग फडकं पिळता पिळता, जरा लाजून म्हणाला, "तिथं तर आपण पाहुणे. तिथं इचारतील ना, सर?"

मी हैदराबादला चारदा जाऊन आलोय; तिथं मला एकदाही कुणी विचारलं नाही. त्याला गाडीची वेळ पुन्हा एकदा समजावून सांगितली.