गुरुनाथला किळस येते

गुरुनाथ खानोलकरला किळस यायला फारसं काही लागत नसे. हॉटेलातल्या चमच्यावर पाण्याचा वाळलेला डाग दिसला की त्याचं जेवण संपलं. कुणी त्याच्या बाटलीला तोंड लावलं की ती बाटली त्याच्या लेखी मेली. पुण्यात कॉलेजच्या होस्टेलवर तो स्वतःचं ताट कपाटात कुलूप लावून ठेवायचा, आणि पोरं त्याला ‘सोवळेबुवा’ म्हणायची. पुढे तो अमेरिकेत आला, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत लागला, ग्रीन कार्ड झालं, घर झालं. पण नाक होतं तिथेच राहिलं. ऑफिसात वाढदिवसाला कुणी केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या की हा तोंड फिरवायचा. “सगळी थुंकी त्या केकवर,” घरी येऊन तो बायकोला सांगायचा, “आणि वर मिटक्या मारत खातात. माणसं आहेत की कोण!”

अशा माणसाच्या घरात कुत्रा आला.

आणला तो बायकोने, चैत्रालीने, आणि हट्ट होता मुलीचा. आश्लेषा तेव्हा दहा वर्षांची होती. बेवारशी कुत्र्यांच्या आश्रमातून तिने नेमका सगळ्यांत ओंगळ कुत्रा निवडला, असं गुरुनाथचं ठाम मत होतं. तपकिरी, दांडगा, एक कान फाटलेला, आणि खालचा ओठ असा लोंबणारा की त्यातून लाळेची तार अखंड गळत असायची. नाव ठेवलं बंड्या. उन्हाळ्यात तो नुसता घाण वास मारायचा. हिवाळ्यात बर्फात लोळून आला की ओल्या गोणपाटात कुबट लोकर मिसळल्यासारखा वास मारायचा, आणि हीटर चालू असलेल्या बंद घरात तो वास पडद्यांतसुद्धा जाऊन बसायचा.

गुरुनाथने मग कायदे केले. बंड्याने सोफ्यावर चढायचं नाही. बंड्याने जिना चढायचा नाही. आणि बंड्याला हात लावला की बाबाजवळ येण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. आश्लेषाने सुरुवातीला धुतले. मग तिला त्याहून सोपा मार्ग सापडला: ती बाबाजवळ यायचीच बंद झाली. शाळेतून आली की दिवसभराच्या सगळ्या गोष्टी ती बंड्याच्या त्या फाटक्या कानात सांगायची. बाबाने विचारलं, “काय झालं आज शाळेत?” तर उत्तर यायचं, “नथिंग.”

हे गुरुनाथला फार लागायचं. पोरगी परत आपल्याजवळ यावी, एवढं एकच त्याला हवं होतं. पण मध्ये ते लाळ गाळणारं जनावर फतकल मारून बसलं होतं, आणि त्याला ओलांडून जाणं त्याच्या जिवावर यायचं.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात मायलेकींनी नवीनच खूळ काढलं. बर्फावरचा खेळ. माणसाने पायात स्की घालायच्या, कुत्र्याच्या छातीला पट्टे बांधायचे, त्या पट्ट्यांची दोरी आपल्या कमरेला अडकवायची, आणि कुत्रं पळत सुटलं की त्याच्यामागे घसरत जायचं. याला म्हणे स्कीजोरिंग म्हणतात. गावाच्या उत्तरेला एका मोठ्या पार्कात डोना नावाची बाई हे शिकवायची. आश्लेषा आणि बंड्या दर शनिवारी जायचे आणि संध्याकाळी दोघं सारखेच ओले, सारखेच वास मारत घरी यायचे. जानेवारीत तिथे मुलांची छोटी शर्यत होती. आश्लेषाने नाव दिलं. सुटायच्या आधी कुत्र्याला रेषेवर घट्ट धरून ठेवायला एक माणूस लागतो. ते काम चैत्रालीचं. पण ऐन वेळी भावाचं लग्न ठरलं आणि चैत्राली नागपूरला गेली.

“बाबा, यू डोंट हॅव टु,” आश्लेषा म्हणाली. “मी डोनाला विचारते. आय नो यू थिंक ही इज ग्रॉस.”

“मी येतो,” गुरुनाथ म्हणाला.

“तू बंड्याला धरशील? रिअली?”

“धरीन म्हटलं ना.”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या नजरेसाठी गुरुनाथ मगरीलासुद्धा धरायला तयार झाला असता. दुकानात जाऊन त्याने हातमोज्यांचे दोन जोड आणले, एकावर एक घालायला.

आता, ही शर्यत नुसती शर्यत असती तरी एक वेळ चाललं असतं. पण मराठी मंडळाचा अध्यक्ष राजेश याला कुठूनसा सुगावा लागला, आणि त्याने मंडळाची संक्रांतीची सहल त्याच दिवशी त्याच पार्कात ठेवली. ‘फॅमिली आणि डॉग, दोघांना घेऊन या!’ ग्रीन कार्ड झालं की कुत्रा घ्यायचा, अशी त्या वर्षी मंडळात साथच आली होती. ज्यांनी लहानपणी गल्लीतल्या कुत्र्यांना दगड मारले, ती माणसं आता कुत्र्यांना स्वेटर घालून, कडेवर घेऊन आली होती. पार्कातल्या शेडमध्ये लाकडी टेबलांवर तिळगूळ, गुळाच्या पोळ्या, बटाटेवडे. आणि टेबलांखाली कुत्री. राजेशचा पांढरा झिपरा कुत्रा मालकाच्या तोंडातला वडा तोंडातूनच ओढून खात होता, आणि राजेश “बघा, बघा, कसं प्रेम आहे!” म्हणत उरलेला अर्धा वडा स्वतः गिळत होता. गुरुनाथने तोंड फिरवलं. त्याने चहासुद्धा घेतला नाही.

“बाबा, मी नंबर घेऊन येते आणि स्की घालते,” आश्लेषा पट्टा त्याच्या हातात देत म्हणाली. “त्याला काहीच खायला देऊ नको. नथिंग. रेसच्या आधी त्याचं पोट रिकामं पाहिजे. प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

ती गेली. गुरुनाथ हात लांब करून पट्टा धरून उभा राहिला, म्हशीचं दावं धरल्यासारखा. बंड्या शांत होता. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. ओठाखाली जमलेली लाळ भिरकावली गेली आणि थेट गुरुनाथच्या तोंडावर येऊन बसली. कोमट, चिकट, ओठांच्या फटीवर.

गुरुनाथला एकदम ओकारी आली. त्याला श्वास घेता येईना. शेजारीच राजेशची बायको सुवर्णा उभी होती. तिच्या हातात पट्टा कोंबत तो कसाबसा म्हणाला, “वहिनी, दोन मिनिटं धरा,” आणि ओठ मिटून पार्कच्या बाथरूमकडे पळाला. ‘याला काही खायला देऊ नका’ एवढं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड तर तो आता काही केल्या उघडणार नव्हता.

दोन मिनिटांत तो आला नाही. त्याने ओठ धुतले, गाल धुतले, परत ओठ धुतले, चुळा भरल्या, साबण चोळून हात लाल केले, आणि तरीही ते कोमट चिकट काही जाईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

परत आला तेव्हा बंड्याच्या कपाळाला कुंकू लावलेलं होतं, आणि तो कागदी बशी चाटत होता.

“आमच्याकडे काल सत्यनारायण होता ना,” सुवर्णा कौतुकाने सांगू लागली. “प्रसादाचा शिरा आणला होता. म्हटलं शर्यतीला निघालाय, तोंड गोड करून पाठवावं. किती आवडला बाई त्याला! दोनदा वाढला.”

गुरुनाथला राग आला तो कुंकवाचा. कुत्र्याला औक्षण करायचंच काय ते बाकी ठेवलंन्, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं, तोवर स्की घातलेली आश्लेषा खुरडत खुरडत समोर आली.

“व्हॉट डिड ही ईट?” ती ओरडली. मग वाकून तिने बंड्याच्या ओठाला चिकटलेलं काहीतरी बोटाने काढलं. बेदाणा होता. “आर दीज रेझिन्स? काकू, यात रेझिन्स होते?”

“अगं भरपूर घातले होते. का?”

आश्लेषाचा चेहरा पांढराफटक पडला. “ही कॅन डाय! रेझिन्सनी डॉगच्या किडनीज बंद होतात! बाबा! बाबा, डू समथिंग!”

“काही होत नाही गं,” राजेश हसत म्हणाला. “आमचा सगळं खातो. आणि प्रसाद आहे तो.”

पण आरडाओरडा ऐकून आलेली डोना हसली नाही. तिने खिशातून फोन काढून थेट जनावरांच्या दवाखान्यात लावला. दवाखाना तासाभराच्या रस्त्यावर, आणि रस्ता बर्फाने घसरडा. डॉक्टरने विचारलं, पार्कात जखमा धुवायचं पेरॉक्साइड आहे का? प्रथमोपचाराच्या पेटीत होतं. मग इथेच, आत्ता पाजा आणि ओकायला लावा, डॉक्टर म्हणाला. किती पाजायचं ते त्याने सांगितलं. डोना एका हातात फोन आणि एका हातात बाटली धरून म्हणाली, कुणीतरी याचं तोंड उघडून धरा.

आश्लेषाने प्रयत्न केला. पण तिची बोटं तोंडाशी येताच बंड्याने दात घट्ट आवळून मानच फिरवली. तिने आजूबाजूला पाहिलं. घटकाभरापूर्वी कुत्र्यांचे मुके घेणारी माणसं हळूहळू मागे सरकत होती. राजेशने आपला झिपरा उचलून छातीशी धरला होता, जणू आजार लागेल.

गुरुनाथने बर्फात गुडघे टेकले. मोज्यांतून पकड बसेना, तेव्हा त्याने चारही हातमोजे काढून टाकले. एका हाताने वरचा जबडा, एका हाताने खालचा. हाताला लागली ती बुळबुळीत हिरडी, गरम जीभ, आणि शिऱ्याचा तुपकट थर. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याने सोडलं नाही. डोनाने पाजलं. थोडं आत गेलं, बाकीचं त्याच्या बाहीत.

मग वाट पाहणं आलं. आणि मग बंड्या कमरेतून वाकला आणि ओकला.

फेसाळ, पिवळट, वाफाळणारा शिरा पांढऱ्या बर्फावर पसरला. थंड हवेत वेलदोड्याचा वास आणि आंबट पित्ताचा वास एकमेकांत मिसळून नाकात घुसला. मंडळाच्या बायकांनी मफलर नाकाशी नेले. डोना फोनवरून विचारून म्हणाली, बेदाणे पडलेत का, बघावं लागेल. कुणी पुढे येईना. गुरुनाथने त्या गरम लगद्यात बोटं घातली आणि चिवडायला लागला. एक टम्म फुगलेला बेदाणा, आणखी एक, आणखी. तेवढ्यात तो निर्लज्ज बंड्या आपलंच ओकलेलं परत खायला पुढे झाला! गुरुनाथने त्याचं तोंड कोपराने दाबून बगलेत धरलं आणि दुसऱ्या हाताने चिवडणं चालू ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशाशी आंबट येत होतं, आणि तो बेदाणे बाजूला काढत होता.

“प्रसाद असा बर्फात पडला, बरं दिसत नाही हो,” मागून सुवर्णा हळहळली.

गुरुनाथची तळपायाची आग मस्तकात गेली. “वहिनी, डबा आणा. भरून देतो तुम्हाला.”

बंड्या दोनदा आणखी ओकला.

दवाखान्यापर्यंत आश्लेषा मागच्या सीटवर बंड्याचं डोकं मांडीत घेऊन बसली होती, आणि मागून पुढे हात काढून तिने बाबाचा खांदा घट्ट धरला होता. बंड्याला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आला. वेळेवर ओकवलंत, म्हणाला. सलाइन लावलंय, दोन-तीन दिवस इथे ठेवू, रक्त तपासू, पण बहुतेक वाचेल.

आश्लेषा रडली, मग हसली. मग गुरुनाथच्या शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि त्याच्या बाहीला डोकं टेकलं. बाही वाळलेल्या शिऱ्याने कडक झाली होती. तिने पर्वा केली नाही. ती बोलायला लागली. बंड्या कसा झोपेत पळतो, वर्गातल्या कुठल्या मैत्रिणीशी भांडण झालं, गणिताच्या बाई कशा वाईट आहेत. इतक्या महिन्यांचं सगळं. गुरुनाथ जराही न हलता ऐकत होता. बोटांना अजून पित्ताचा वास येत होता आणि समोरच हात धुवायची खोली होती, पण तो उठला नाही.

“यू वेअर सो ब्रेव्ह, बाबा,” ती म्हणाली. “आय हेट सुवर्णा काकू. तू नाही म्हणालास तरी तिने दिलं, ना? तिने मुद्दाम तुझ्या हातातून पट्टा घेतला, ना?”

नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. सुवर्णा काही खुलासा करायला येणार नव्हती. पण ते ‘हं’ घशाशी आलं, आणि गुरुनाथला दिवसभरात आली नव्हती इतकी शिसारी आली. स्वतःची.

“नाही,” तो म्हणाला. “पट्टा मीच तिला दिला.”

“व्हाय?”

“बंड्याची लाळ माझ्या तोंडावर उडाली. मला राहवेना. मी धुवायला गेलो.”

“तिला सांगितलंस ना, डोंट फीड हिम?”

“नाही सांगितलं.”

“बट यू प्रॉमिस्ड.”

“हो.”

तिने डोकं उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. वरचा ओठ एका बाजूने थोडासा वर गेलेला, नाकपुड्या आक्रसलेल्या. हा चेहरा गुरुनाथने कधी समोरून पाहिला नव्हता, पण ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. आयुष्यभर तो हाच चेहरा करून जगाकडे बघत आला होता. आश्लेषाने त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला, उठली, आणि समोरच्या भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.